मुलांना पैशांचे व्यवहार कसे शिकवायचे? गल्ल्यापासून यूपीआय सर्कलपर्यंत संपूर्ण माहिती

घरात नवीन फोन आला की त्याची सेटिंग कोण करून देतं? बहुतेक घरांत तुम्हीच. आईचं यूपीआय सुरू करणं, बाबांचं लाईट बिल भरणं, आजीच्या फोनमधले नको ते मेसेज काढणं ही सगळी कामं घरातल्या तरुण मंडळींकडे येतात. त्यामुळे हा लेख आई-बाबांसाठी जितका आहे, तितकाच तुमच्यासाठीही आहे. घरात धाकटा भाऊ, बहीण, भाचा किंवा पुतणी असेल आणि तुमचा फोन दिवसातून एकदा तरी त्यांच्या हातात जात असेल, तर त्यांना पैशांची ओळख करून देण्याचं काम तुमच्यावर आलेलंच आहे.

या लेखात आपण पुढील गोष्टी पाहणार आहोत:

- फोनमधले पैसे मुलांना दिसत का नाहीत
- गल्ला, खाऊचे पैसे आणि शीटवरची घरची बँक
- १० वर्षांनंतर मुलांचं स्वतःचं खातं
- यूपीआय सर्कल म्हणजे काय आणि ते कधी द्यावं
- गेममधली खरेदी, सबस्क्रिप्शन आणि फसवणूक यांपासून बचाव

फोनमधले पैसे मुलांना दिसत का नाहीत?

यूपीआय २०१६ साली आलं. म्हणजे आज प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांनी यूपीआय नसलेला बाजार पाहिलेलाच नाही. आपण लहान असताना आईने पर्समधून शंभरची नोट काढली, भाजीवालीने सुटे परत दिले, पर्स हलकी झाली, हे सगळं डोळ्यांसमोर घडायचं. आता फोन पुढे धरला, स्पीकर बोलला, पिशवी हातात आली, की संपलं. काय गेलं, किती उरलं, हे मुलाला कळायला काही मार्गच नाही.

माझी भाची सात वर्षांची असताना मला म्हणाली होती, "मामा, पैसे नसले तर स्कॅन करायचं ना!" आम्ही सगळे हसलो. पण तिचं म्हणणं तिच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. तिने पाहिलेल्या प्रत्येक दुकानात स्कॅन केल्यावर वस्तू मिळत होती. त्या स्कॅनमागे महिनाभराचा पगार असतो आणि तो संपतो, हे तिला कुठे दिसलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: मुलाला आधी पैसे दिसू द्या, मग मोजू द्या, मग नोंदवू द्या, आणि सगळ्यात शेवटी फोनमधून खर्च करू द्या. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी फोन आणि मग समज, तर पुढे दुरुस्त करायला फार जड जातं.

पायरी १: काचेच्या बरण्या आणि खाऊचे पैसे (साधारण ५ ते ९ वर्षं)

मातीचा गल्ला छान असतो, पण त्यात एक अडचण आहे. फोडेपर्यंत आत किती आहे ते दिसत नाही. त्यापेक्षा लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या घ्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवा: खर्च, साठवण आणि दुसऱ्यांसाठी.

समजा, दर रविवारी खाऊचे ५० रुपये द्यायचे ठरवले. त्यांचे सुटे करून द्या, नाहीतर वाटणी करताच येत नाही.

- खर्च: २५ रुपये
- साठवण: २० रुपये
- दुसऱ्यांसाठी: ५ रुपये

आता मुलाला ४०० रुपयांची बॅडमिंटनची रॅकेट हवी असेल, तर २० रुपयांच्या हिशोबाने २० आठवडे लागतील. हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या. भाऊबीजेची ओवाळणी किंवा वाढदिवसाला काकांनी दिलेली नोट बरणीत पडली की आठवडे कमी होतात, हेही त्याला मोजू द्या. "थांबलं की मिळतं" हे सांगून कळत नाही, बरणी भरताना बघितली की कळतं.

येथे दोन नियम मी महत्त्वाचे मानतो. पहिला, दिवस आणि रक्कम बदलायची नाही. रविवार म्हणजे रविवार. मूल रडलं म्हणून मध्येच १० रुपये जास्त दिले, की पुढच्या वेळी ते हिशोब करत नाही, रडतं. दुसरा, खर्चाच्या बरणीतले २५ रुपये त्याचे आहेत. त्याने ते एकाच दिवशी चिप्सवर उडवले तर उडवू द्या. शनिवारपर्यंत बरणी रिकामी राहिली की तोच धडा पुरतो. २५ रुपयांत मिळालेला धडा पुढे २५ हजारांत मिळण्यापेक्षा स्वस्त आहे.

आठवडी बाजारात किंवा मंडईत जाताना मुलाला ५० रुपये रोख द्या आणि कोथिंबीर, लिंबं, टोमॅटो आणायला सांगा. भाव विचारणं, सुटे मोजून घेणं, "पाव किलो म्हणजे किती रुपयांचं?" हे तिथे आपोआप येतं.

पायरी २: शीटवरची 'घरची बँक' (साधारण ८ ते १२ वर्षं)

मूल बेरीज-वजाबाकी नीट करू लागलं की फोनचा पहिला उपयोग करा, तो म्हणजे नोंद ठेवण्यासाठी. गुगल शीट्स किंवा कोणत्याही स्प्रेडशीट अ‍ॅपमध्ये पाच रकाने करा: तारीख, कशासाठी, जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक काढायची रीत सोपी आहे: आदल्या ओळीची शिल्लक, अधिक आजची जमा, वजा आजचा खर्च. सुरुवातीला हे सूत्र घालू नका. पहिले दोन महिने मुलाला तोंडी किंवा पाटीवर करू द्या, मग सूत्र लावून दाखवा. आपण केलेलं उत्तर आणि फोनचं उत्तर जुळलं की मुलांना भारी वाटतं.

आता यात व्याज आणा. बँकेचं व्याज वर्षाला मोजतात आणि आठ वर्षांच्या मुलाला वर्ष म्हणजे फार लांबचं. म्हणून घरची बँक महिन्याला ५ टक्के देते असं ठरवा. साठवणीतल्या १०० रुपयांना हात लावला नाही तर:

- १ महिन्याने: १०५ रुपये
- ६ महिन्यांनी: सुमारे १३४ रुपये
- १२ महिन्यांनी: सुमारे १८० रुपये

दर महिन्याला ५ रुपये धरले तर वर्षाला १६० व्हायला हवेत, मग १८० कसे? हा प्रश्न मुलाने विचारला की समजा काम झालं. व्याजावरही व्याज मिळतं, म्हणजेच चक्रवाढ व्याज, हे त्याला पुस्तकात येण्याआधी कळलेलं असेल. मात्र खरी बँक महिन्याला इतकं व्याज देत नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

मग तीच शीट उलटी फिरवून दाखवा. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर अनेक कार्डांवर महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. १०,००० रुपये वर्षभर तसेच राहिले तर साडेतीन टक्क्यांनी ते १५,१०० च्या वर जातात, आणि दंड वगैरे वेगळे. आपल्या बाजूने चालणारं व्याज आणि आपल्याविरुद्ध चालणारं व्याज एकाच शीटवर दिसलं पाहिजे. खरं सांगायचं तर हा तक्ता मुलांपेक्षा पहिली नोकरी लागलेल्या आपल्यासारख्यांनी जास्त बघायला हवा.

येथेच ७२ चा नियमही सांगता येतो. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती काळ लागेल ते कळतं. वर्षाला ४ टक्के मिळत असतील तर सुमारे १८ वर्षं. महिन्याला साडेतीन टक्क्यांचं कर्ज असेल तर जेमतेम २१ महिने!

पायरी ३: मुलांचं स्वतःचं बँक खातं (१० वर्षांनंतर)

अनेकांना वाटतं की १८ वर्षांपर्यंत खातं पालकांनीच चालवायचं असतं. तसं नाही. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी याबाबत सुधारित सूचना काढल्या आणि बँकांना १ जुलै २०२५ पर्यंत आपले नियम त्यानुसार करायला सांगितले. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

- कोणत्याही वयाच्या मुलाचं बचत किंवा मुदत ठेव खातं पालकांमार्फत उघडता येतं. पालक म्हणून आईचं नावही चालतं.
- १० वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या नावाने खातं उघडून स्वतः चालवू शकतं. किती रकमेपर्यंत, ते प्रत्येक बँक ठरवते.
- एटीएम कार्ड, नेट बँकिंग, चेकबुक द्यायचं की नाही, हेही बँक ठरवते.
- या खात्यातून शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढता येत नाहीत.
- १८ वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने सही आणि सूचना द्याव्या लागतात.

स्टेट बँकेत पालकांसोबत संयुक्त खात्यासाठी 'पहला कदम' आणि १० वर्षांवरील, सही करता येणाऱ्या मुलांसाठी 'पहली उडान' अशी खाती आहेत. इतर बँकांतही अशी खाती असतात. उघडण्याआधी किमान शिल्लक आणि कार्डाचं वार्षिक शुल्क जरूर विचारा.

गावात बँक लांब असेल तर पोस्ट उत्तम. पोस्टातलं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं, त्यावर वर्षाला ४ टक्के व्याज मिळतं आणि १० वर्षांवरील मूल ते स्वतःच्या नावे उघडू शकतं. पोस्टाची ५ वर्षांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, महिना १०० रुपयांपासून सुरू होते. ६.७ टक्के दराने ५ वर्षांत भरलेल्या ६,००० रुपयांचे सुमारे ७,१३७ रुपये होतात. अल्पबचत योजनांचे दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं, म्हणून उघडण्याच्या दिवशीचा दर बघून घ्या.

मुलींसाठीची सुकन्या समृद्धी योजना तुम्हाला माहीत असेलच. मुलगी १० वर्षांची होण्याआधी खातं उघडावं लागतं आणि वर्षाला किमान २५० ते कमाल दीड लाख रुपये भरता येतात. योजना चांगली आहे, पण ती पालकांची बचत आहे. मुलीने स्वतः पैसे हाताळायला शिकण्यासाठी वेगळं छोटं खातं हवंच.

पासबुक भरायला मुलाला सोबत न्या. मशीनमधून ओळ छापून आली आणि त्यात व्याजाचे ९ रुपये दिसले, की घरच्या शीटवरची गोष्ट खरी होते.

पायरी ४: यूपीआय सर्कल म्हणजे काय?

मूल मोठं झालं, क्लासला एकटं जाऊ लागलं, की रोख देणं कठीण होतं. अशा वेळी बरेच जण सरळ आपला पिन सांगून टाकतात. हे अजिबात करू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगितल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकालाच सोसावा लागतो.

याला पर्याय म्हणून एनपीसीआयने ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आणलं. यात खातं तुमचं, पण दुसरी व्यक्ती तिच्या फोनवरून ठरलेल्या मर्यादेत पैसे देऊ शकते, आणि तुमचा पिन तिला कळत नाही. यात दोन प्रकार आहेत:

१. प्रत्येक वेळी मंजुरी: समोरच्याने पैसे देण्याची विनंती केली की ती तुमच्या फोनवर येते. तुम्ही पिन टाकलात तरच पैसे जातात.

२. ठरलेली मर्यादा: तुम्ही महिन्याची रक्कम ठरवून देता. ती जास्तीत जास्त १५,००० रुपये असू शकते आणि एका व्यवहाराला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्या आत तुमच्या मंजुरीची गरज लागत नाही.

एक जण जास्तीत जास्त ५ जणांना जोडू शकतो, पण जोडलेली व्यक्ती एकाच खातेदाराशी जोडली जाऊ शकते.

सुरू कसं करायचं?

१. भीम, गुगल पे यांसारख्या अ‍ॅपमध्ये 'यूपीआय सर्कल' हा पर्याय शोधा.
२. समोरच्याचा क्यूआर कोड स्कॅन करा किंवा त्याचा यूपीआय आयडी द्या. त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह असायला हवा.
३. वरील दोनपैकी एक प्रकार निवडा.
४. तुमचा पिन टाका आणि समोरच्याला विनंती स्वीकारायला सांगा.

वयाची अट अ‍ॅप आणि बँकेप्रमाणे बदलू शकते, ती जोडतानाच वाचा. माझा सल्ला असा की पहिले सहा महिने 'प्रत्येक वेळी मंजुरी' हाच प्रकार ठेवा. विनंती आली की "कशासाठी?" एवढं विचारता येतं, आणि मुलालाही दर वेळी उत्तर तयार ठेवावं लागतं. कॉलेजसाठी बाहेरगावी गेलेल्या भावंडाला मग महिन्याची मर्यादा ठरवून द्या.

तुमचा फोन मुलांच्या हातात देताना

- यूपीआय लाईट सुरू असेल तर लक्ष ठेवा. त्यातून १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि त्यात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम असू शकते. फोन मुलांकडे जात असेल तर लाईटमध्ये कमीच पैसे ठेवा.
- मुलाचं बोट तुमच्या फोनच्या फिंगरप्रिंटमध्ये नोंदवू नका. पेमेंट अ‍ॅपचं लॉकही त्याच बोटाने उघडू शकतं.
- प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीसाठी व्हेरिफिकेशन 'प्रत्येक वेळी' असं ठेवा. मुलाचा वेगळा फोन असेल तर गुगल फॅमिली लिंकमध्ये खरेदीची मंजुरी चालू करा. आयफोनवर फॅमिली शेअरिंगमधलं 'आस्क टू बाय' हेच काम करतं.

गेममधले डायमंड म्हणजे किती रुपये?

फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड, बीजीएमआयमध्ये यूसी, रोब्लॉक्समध्ये रोबक्स. गेम थेट रुपयांत किंमत का दाखवत नाही? कारण रुपये एकदा डायमंडमध्ये बदलले की ते पैसे वाटत नाहीत. शिवाय पॅक अशा आकाराचे असतात की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडे डायमंड उरतात, आणि ते वापरायला पुन्हा पॅक घ्यावासा वाटतो. मुलाला ओरडण्यापेक्षा त्याच्याकडून एक गणित करून घ्या: हा ड्रेस रुपयांत कितीचा? तेवढ्यात किती आठवड्यांचे खाऊचे पैसे जातील? त्यानंतरही हवा असेल, तर खर्चाच्या बरणीतून घेऊ द्या.

पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांची गोष्ट मात्र वेगळी. अशा ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. कोणी लिंक पाठवून "५० लाव, ५०० मिळतील" म्हणालं तर ते बंद करायचं, एवढं मुलांना ठामपणे सांगा.

सबस्क्रिप्शनही तपासा. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादी आणि यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी महिन्यातून एकदा मुलांसोबत बसून बघा. "हे आपण वापरतो का?" हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

फसवणुकीबद्दल चार वाक्यं पाठ करून घ्या

१. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.
२. क्यूआर स्कॅन केला की पैसे जातात, येत नाहीत.
३. ओटीपी आणि पिन मित्रालाही सांगायचा नाही.
४. काही चुकलं तर लगेच घरी सांगायचं.

व्यक्ती-व्यक्तींमधल्या 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या आहेत, तरी फसवणारे नवे रस्ते शोधतातच. यातलं चौथं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पैसे गेल्यावर १९३० या हेल्पलाईनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. मार बसेल या भीतीने मूल दोन दिवस गप्प बसलं, तर ती वेळ हातातून जाते. म्हणून आधीच शब्द द्या: सांगितलंस तर ओरडणार नाही. आणि तो शब्द पाळा.

घरात पैशांविषयी बोला

आपल्याकडे पैशांचा विषय निघाला की मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. पगाराचा आकडा सांगायची गरज नाही, पण लाईट बिल दाखवायला काय हरकत आहे? महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे असतात आणि टप्प्यागणिक युनिटचा दर चढतो. १०० च्या आत राहायचं असा खेळ महिनाभर लावा. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला मग कोणाला सांगावं लागत नाही.

"आपल्याकडे पैसे नाहीत" असं म्हणून दुसऱ्याच दिवशी ऑनलाईन पार्सल आलं, तर मूल काय समजेल? त्यापेक्षा "या महिन्यात यासाठी पैसे ठेवलेले नाहीत" म्हणा. खरोखरच अडचण असेल तर तेही शांतपणे सांगा. मुलांना आकडा नाही कळला तरी खरंखोटं बरोबर कळतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खाऊचे पैसे किती द्यावेत?
घराला दर आठवड्याला न चुकता देता येतील तितकेच. २० रुपयेही चालतात, पण खंड नको.

घरकामाचे पैसे द्यावेत का?
स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण घालणं याचे नाही. गाडी धुणं, रद्दी बांधून नेणं अशा जास्तीच्या कामाचे द्यायला हरकत नाही.

१८ वर्षांखालील मुलाला स्वतःच्या नावे कर्ज मिळतं का?
नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही.

मुलाने न विचारता गेममध्ये पैसे घातले तर परत मिळतात का?
प्ले स्टोअरवरून खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत रिफंडची विनंती करा. उशीर झाला तर गेमच्या कंपनीला लिहावं लागतं आणि शक्यता कमी होते.

शेवटी

मित्रांनो, अ‍ॅप बदलत राहतील, मर्यादा आणि व्याजदरही बदलतील. पण "किती आले, किती गेले, किती उरले" हे तीन आकडे ज्या मुलाला सवयीने सांगता येतात, ते मूल कोणत्याही अ‍ॅपवर सहसा गोंधळत नाही. या रविवारी तीन बरण्या धुऊन ठेवा आणि ५० रुपयांचे सुटे आणा. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथूनच सुरू होतात.